हवा मोजणारा माणूस

दक्षिण वेल्समधील ऱ्होंडाच्या खोऱ्यात टायलर्सटाउन नावाचे एक गाव आहे. एके काळी या खोऱ्यात घरटी एक तरी माणूस कोळशाच्या खाणीत उतरत असे. २७ जानेवारी १८९६ रोजी पहाटे येथील खाणीत भयंकर स्फोट झाला आणि ५७ जण प्राणास मुकले. स्फोट म्हटला की ज्वाळा आल्या, कोसळलेल्या दरडी आल्या, छिन्नविच्छिन्न देह आले. लोकांनीही तशीच कल्पना केली होती. परंतु सुटकेसाठी खाली उतरलेल्या माणसांना जे दिसले ते निराळेच होते. कित्येक मृतांच्या अंगावर भाजल्याची अथवा जखमेची मोठी खूण नव्हती. चालता चालता दमून बसावे आणि बसल्या जागी डोळा लागावा, तशी ती माणसे स्फोटाच्या जागेपासून पुष्कळ दूर पडलेली होती. त्यांच्या गालांवर चक्क गुलाबी रंग होता.

या मृतदेहांची तपासणी करण्यासाठी ऑक्सफर्डहून एक डॉक्टर आले. त्यांचे नाव जॉन स्कॉट हाल्डेन. त्यांनी मृतांच्या रक्ताचे थेंब घेतले, ते पाण्यात मिसळले, त्या पाण्याचा रंग उजेडात धरून पाहिला आणि बहुतेकांच्या मृत्यूचे खरे कारण सांगितले. स्फोटाच्या धक्क्याने अथवा आगीने मेलेली माणसे थोडी होती. उरलेल्यांचा बळी घेतला होता तो स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या एका वायूने. त्याला ना रंग, ना वास, ना चव. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड.

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. वैद्यकाची पदवी घेतल्यावर दवाखाना थाटून रोगी तपासावे आणि चार पैसे गाठीस बांधावे, हा सरळ मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो पत्करला नाही. माणूस श्वास घेतो त्या हवेत नेमके काय असते व त्याचा देहावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला आणि आयुष्यभर सोडला नाही. स्कॉटलंडमधील डंडी या गिरण्यांच्या शहरात असताना ते आपल्या सहकाऱ्यांसह मध्यरात्रीनंतर गोरगरिबांच्या दारावर थाप मारीत, पूर्वसूचना न देता आत शिरत आणि एका खोलीत दाटीवाटीने झोपलेल्या कुटुंबाच्या उशाशी उभे राहून तेथील हवा बाटलीत भरून घेत. रात्री साडेबारा ते पहाटे साडेचार ही त्यांची वेळ असे. दिवसा जाऊन, खिडक्या उघडून ठेवलेल्या घरातील हवा तपासण्यात काय हशील? जी हवा माणसे खरोखर श्वासात घेतात तीच मोजली पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. पुढे ते गटारांत उतरले. गटारातील हवा रोगजंतूंनी खच्चून भरलेली असते असा त्या काळी सर्वत्र समज होता. मोजून पाहता तीत बाहेरच्या हवेपेक्षाही कमी सूक्ष्मजंतू आढळले! वास येतो तेथे विष असते आणि वास नसतो तेथे धोका नसतो, ही माणसाची जुनी समजूत किती कच्ची आहे हे त्यांना या दोन ठिकाणी कळून चुकले होते. खाणीत त्याचा पुरा प्रत्यय यावयाचा होता.

खाणीतील मजूर काही अडाणी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यांनी जमिनीखालच्या दुष्ट हवांना नावे दिली होती. पेट घेणारी ती फायरडॅम्प, म्हणजे मिथेन. कोळशाच्या थरांत तो कोंडलेला असतो व कोळसा फोडला की बाहेर येतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान असले आणि एक ठिणगी पडली, की स्फोट झालाच. दिवा विझविणारी ती ब्लॅकडॅम्प. जुन्या, बंद पडलेल्या वाटांतून कोळसा हवेतील प्राणवायू हळूहळू शोषून घेतो आणि मागे उरतो तो नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांचा निर्जीव साठा. स्फोटानंतर उरणारी ती आफ्टरडॅम्प. आणि तीतील जो घटक न कळत मारतो, तो म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड, अर्थात व्हाइटडॅम्प. मजुरांनी नावे दिली होती खरी. पण कोणती हवा किती प्रमाणात असली म्हणजे माणूस किती वेळ तग धरील, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि खाणमालकांनाही नव्हते. ‘थोडीशी वाईट हवा आहे’ यातील थोडीशी म्हणजे किती? या एका प्रश्नावर पन्नास माणसांचे मरण-जगणे अवलंबून असे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हाल्डेन यांनी जी पद्धत वापरली ती ऐकून आजही अंगावर शहारा येतो. त्यांनी प्रयोगासाठी दुसऱ्या कोणाला बसविले नाही. ते स्वतः बसले. ठराविक प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ते नळीतून ओढीत, हातात घड्याळ ठेवीत आणि थोड्या थोड्या वेळाने आपल्या बोटास सुई टोचून रक्ताचा थेंब काढीत. रक्तातील हीमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य फुप्फुसातून प्राणवायू घेते व तो सर्व शरीरास पोहोचविते. परंतु याच द्रव्याची कार्बन मोनॉक्साइडशी जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत हा वायू अगदी थोडा असला तरी तो हीमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. अशा रक्ताचा रंग गुलाबी होतो. टायलर्सटाउनच्या मृतांच्या गालांवर दिसलेला रंग आला होता तो येथून.

हाल्डेन यांनी याच रंगाचे माप केले. निरोगी रक्ताचा थेंब पुष्कळ पाण्यात मिसळला तर ते पाणी पिवळसर दिसते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्ताचे पाणी गुलाबी दिसते. पिवळसर पाण्यात किरमिजी रंगाचे थेंब मोजून टाकीत जावे आणि ते तपासणीच्या रक्ताशी जुळले म्हणजे थांबावे. किती रंग लागला त्यावरून रक्ताचा किती भाग त्या वायूने व्यापला आहे हे ठरवावे. दोन-चार काचेच्या नळ्या, थोडा रंग व स्थिर हात एवढ्यावर हे काम होत असे. एका प्रयोगात त्यांच्या रक्तातील निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन या वायूने गिळंकृत केले, तेव्हा कोठे त्यांनी नळी तोंडातून काढली. त्या वेळी त्यांची दृष्टी अंधुक झाली होती, पाय लटपटत होते व उभे राहणेही कठीण झाले होते. हा वेडेपणा होता असे कोणी म्हणेल. पण या वेडेपणातूनच, हवेच्या हजार भागांत दोन भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो एक-दोन तासांत माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा आहे, अशा प्रकारचे ज्ञान हाती आले, आणि ते कोणा मजुराच्या जिवाची किंमत देऊन आलेले नव्हते.

या वायूचा सर्वांत मोठा कपटीपणा कोणता? तो प्रथम हातापायांतील बळ हरण करतो, आणि त्याच्या आगेमागे माणसाची विवेकबुद्धीही. आपण धोक्यात आहोत हे ओळखण्याची शक्तीच नाहीशी झाल्यावर माणूस पळेल कसा? याचे एक विलक्षण उदाहरण घडले ते मे १८९७ मध्ये. आयर्लंड व इंग्लंड यांच्यामधील समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. तेथील स्नेफेल येथील शिशाच्या खाणीत आधाराच्या लाकडांना आग लागली व तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने २० मजूर मरण पावले. सरकारी खाण-निरीक्षक सर क्लेमेंट ली नेव्ह फॉस्टर हे चौकशीसाठी खाणीत उतरले असता तेही त्या हवेत सापडले. वर नेण्याची व्यवस्था अडली होती. वही-पेन्सिल जवळ होती, म्हणून ते पत्नीस निरोपाचे शब्द लिहू लागले. ती वही पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यासली. तीत निरोपाचे तेच तेच शब्द पुनःपुन्हा लिहिलेले आहेत. वेदना फारशा नाहीत, सारे स्वप्नासारखे वाटते, अशा अर्थाचा मजकूर आहे. जो माणूस इतके नीटनेटके लिहू शकत होता, त्याला आपण तेच ते लिहीत आहोत याचे भान राहिले नव्हते. सुदैवाने त्यांना वेळेवर बाहेर काढण्यात आले व ते वाचले. खाणींच्या शास्त्रात निष्णात असलेल्या अधिकाऱ्याची ही गत, मग साध्या मजुराने ‘मला तर काही होत नाही’ असे म्हणून पुढे पाऊल टाकले तर त्याला दोष कसा द्यावा?

अर्थात माणसाच्या आधी ज्याला त्रास होईल असा सोबती त्याच्याबरोबर हवा. हाल्डेन यांच्या प्रयोगशाळेत उंदीर होते. त्याच हवेत माणूस व उंदीर एकत्र बसविले असता माणसाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी उंदीर मलूल होऊन पडे. कारण उघड होते. प्राणी जितका लहान तितका त्याचा श्वास जलद आणि शरीरव्यापार वेगवान. वायू त्याच्या रक्तात झपाट्याने भिनतो. तेव्हा खाणीत उतरताना एखादा लहान, उष्ण रक्ताचा प्राणी बरोबर न्यावा अशी शिफारस त्यांनी आपल्या १८९६ च्या अहवालात केली. पुढे अनुभवाने उंदराची जागा पिवळ्या कॅनरी पक्ष्याने घेतली. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला तर तो झोपला आहे की गळाला आहे हे अंधारात कळत नाही. दांडीवर बसलेला पक्षी झोकांडी देऊन खाली पडला म्हणजे कोणालाही कळते. १९११ पासून ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी बाळगण्याची रीतसर प्रथा पडली.

या पक्ष्याविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. मजूर त्यास मरण्यासाठीच नेत असत, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक हे पिंजरे मुद्दाम वेगळे बनविलेले असत. पिंजऱ्याच्या माथ्यावर प्राणवायूची लहानशी नळी बसविलेली असे. पक्षी खाली पडताच जाळीचे दार झाकून नळीची चावी फिरवीत, की पिंजरा प्राणवायूने भरे व पाखरू पुन्हा पंख फडफडवू लागे. जे शरीर विष लवकर घेते तेच ते लवकर टाकतेही. मजुरांचा या पाखरांवर जीव असे. काम करता करता ते शीळ घालून त्यांच्याशी बोलत. पाखरू पडले म्हणजे मागे वळावयाचे, एवढा एकच कायदा. आणि तो मोडणारा क्वचितच कोणी निघे. पुढे विजेवर चालणारी उपकरणे आली आणि १९८६ मध्ये ब्रिटिश खाणींतील अखेरचे कॅनरी निवृत्त झाले.

मात्र पाखरू सर्वच गोष्टी सांगू शकत नाही, हे हाल्डेन पक्के जाणून होते. हवेतील प्राणवायू कमी झाला आहे काय, हे सांगण्याचे काम दिव्याचे. साध्या हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या आसपास असतो. तो १७ च्या घरात उतरला म्हणजे ज्योत विझते, आणि तेव्हा माणसाला तेथून निघून जाण्यास अजून अवसर असतो. मिथेन ओळखावयाचा तोही दिव्यानेच. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये तारेच्या बारीक जाळीत ज्योत बंद करून सुरक्षादीप तयार केला होता. या दिव्याची वात बारीक केली, की मिथेन असल्यास ज्योतीवर फिकट निळ्या रंगाची टोपी चढलेली दिसते. टोपी जितकी उंच तितका वायू अधिक. अनुभवी माणूस त्या निळ्या टोपीची उंची पाहून शेकडा किती मिथेन आहे ते सांगत असे.

हे ज्ञान हाल्डेन यांनी आपल्या मुलालाही दिले, पण पुस्तकातून नव्हे. मुलगा लहान असतानाच त्याला घेऊन ते स्टॅफर्डशरमधील एका खाणीत उतरले. सरपटत ते एका जुन्या वाटेत शिरले. तेथे वडिलांनी सुरक्षादीप छताकडे उचलला. दिव्यात निळी ज्वाला भरली आणि फट्‌ असा आवाज होऊन तो विझला. मग त्यांनी मुलास उभे राहून शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. चार-सहा ओळी झाल्या नाहीत तोच मुलाला धाप लागली, पाय डळमळले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडताच त्याचा श्वास पूर्ववत झाला, कारण खालची हवा चांगली होती. मिथेन हवेपेक्षा हलका असून छताशी साचतो, हा धडा तो मुलगा जन्मभर विसरला नाही. बापाने पोटच्या पोरावर असा प्रयोग करावा काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. एवढे मात्र खरे, की जेथे मुलाला उभे केले तेथे वडील स्वतः शेजारीच होते. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन या नावाने जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाला, येथील नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला.

मोजमापाने अपराधी सापडतो, तसा निरपराधी सुटतोही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल परगण्यात कथिलाच्या खोल खाणी होत्या. तेथील डॉलकोथ खाणीतील मजूर पांढरेफटक पडू लागले, चार पायऱ्या चढताच त्यांना धाप लागू लागली. सर्वांनी खाणीतील कोंदट हवेला दोष दिला. ‘हवावाले’ डॉक्टर म्हणून १९०२ मध्ये हाल्डेन यांना बोलावण्यात आले. त्यांनी हवा मोजली, आणि हा दोष हवेचा नव्हे असे आढळून आले. मग डॉ. बॉयकॉट या सहकाऱ्याच्या साहाय्याने मजुरांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी सापडले. हे कृमी उष्ण देशांतले. खोल खाणीतील ऊब व ओल त्यांना मानवली. आणि शौचकूप नसल्यामुळे मजूर कोठेही बसत, त्या घाणीतून कृमींची पिले अनेकांच्या कातडीवाटे शरीरात शिरत. या रोगावर उपाय होता तो झाकणाच्या बादल्या आणि स्वच्छता यांचा. केवळ समजुतीवर विसंबून हजारो पौंड खर्चून मोठे पंखे बसविले असते, तरी एकही मजूर बरा झाला नसता.

याच कॉर्नवॉलमध्ये त्यांना दुसरा एक शत्रू भेटला, आणि तो मात्र खरोखर हवेतलाच होता. दाबाच्या हवेवर चालणारी दगड फोडण्याची यंत्रे नव्याने आली होती. त्यांनी काम झपाट्याने होई, पण त्यांतून दगडाचा पिठासारखा बारीक धुरळा उडे. तो फुप्फुसात रुतून बसे आणि ऐन उमेदीतील माणसे खोकत खोकत मरत. छिद्र पाडतानाच तेथे पाण्याची धार सोडावी म्हणजे धूळ उडण्यापूर्वीच तिचा चिखल होईल, हा उपाय सांगावयास सोपा. अमलात आणताना मजूरच कुरकुर करीत, कारण पाण्याने कपडे भिजत आणि कामाचा वेग मंदावे. जितके काम तितकी मजुरी या पद्धतीत वेग कमी होणे म्हणजे पोटाला चिमटा. आरोग्याचा उपाय आणि मजुरीचा हिशेब यांची सांगड कोणी घालावी, हा प्रश्न काचेच्या नळीत मावणारा नव्हता.

उष्णतेचेही त्यांनी असेच माप शोधले. खोल खाणीत उकाडा असतो; पण किती उकाडा माणूस सोसू शकतो? साधा तापमापक याचे उत्तर देत नाही. राजस्थानच्या कोरड्या वाळवंटात ४० अंशांत माणूस काम करतो आणि मुंबईच्या दमट हवेत ३३ अंशांत घामाने निथळून जातो, हे आपण जाणतोच. घाम वाळला तरच अंग थंड होते. म्हणून हाल्डेन यांनी तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून जे तापमान येते त्याकडे लक्ष वेधले. स्थिर हवेत ओल्या फडक्याचे हे तापमान ३१ अंशांच्या वर गेले की शरीराचा ताप चढू लागतो. हवा वाहती असली तर याहून थोडे अधिक सोसते. भारतातील कोळसा-खाणींच्या नियमांतही हेच तत्त्व आढळते. ओल्या फडक्याचे तापमान ३३.५ अंशांपलीकडे जाऊ देऊ नये आणि ३०.५ च्या वर गेल्यास हवा सेकंदास निदान एक मीटर या वेगाने वाहती ठेवावी, असे ते नियम सांगतात.

एवढ्या चिकित्सक शास्त्रज्ञाचेही एका ठिकाणी चुकले. दगडाची धूळ घातक, पण कोळशाची धूळ निरुपद्रवी, असे हाल्डेन यांचे मत होते आणि त्यांच्या शब्दाला वजन असल्यामुळे ते मत पुष्कळ वर्षे टिकले. खाणीतील काळी धूळ फुप्फुसात साठून माणसाला पंगू करते, हे त्यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले. ब्रिटनमध्ये या रोगासाठी कोळसा-कामगारांस भरपाई मिळू लागली ती १९४३ पासून. वायू मोजण्याची साधने त्यांच्यापाशी होती. डोळ्यांस न दिसणारी, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारी धूळ तितक्या काटेकोरपणे मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. आता अशी धूळ गाळणीच्या कागदावर धरून, तराजूत तोलून, घनमीटरास किती मिलिग्रॅम हे ठरविता येते.

हाल्डेन शेवटपर्यंत कामात होते. वयाच्या पंचाहत्तरीत, इराणमधील तेलाच्या कारखान्यांत कामगारांना उष्माघात का होतो हे पाहण्यासाठी ते तिकडे गेले, परत आले आणि मार्च १९३६ मध्ये न्यूमोनियाने वारले. 

त्यांच्या मागे उरलेले एक माप भारताच्या विशेष उपयोगाचे ठरले आहे. इंग्लंडमध्ये डॉंकास्टर येथे हाल्डेन यांच्या देखरेखीखाली खाणींची एक प्रयोगशाळा होती. तेथील आयव्हन ग्रॅहॅम यांनी असे पाहिले, की कोळसा आतल्या आत तापू लागला म्हणजे तो हवेतील प्राणवायू खातो व थोडा कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकतो. किती प्राणवायू नाहीसा झाला आणि त्याच्या शेकडा किती कार्बन मोनॉक्साइड तयार झाला, या दोहोंचे गुणोत्तर काढले म्हणजे भिंतीपलीकडे काय चालले आहे ते न पाहता कळते. हा आकडा अर्ध्याच्या आत असला तर काळजी नाही. १ च्या वर गेला तर कोळसा तापत आहे. ३ च्या वर गेला तर आग लागलीच म्हणून समजावे. झरियाच्या कोळसाक्षेत्रात १९१६ पासून जमिनीखाली आगी धुमसत आहेत. अशा देशात बंद केलेल्या भिंतीच्या नळीतून हवेचा नमुना काढणे आणि ग्रॅहॅमचे गुणोत्तर मांडणे हे खाणीतील नित्यकर्म होऊन बसले, यात नवल नाही.

तरीसुद्धा २५ जानेवारी १९९४ रोजी बंगालमधील राणीगंज कोळसाक्षेत्रातील न्यू केंदा खाणीत आग लागली आणि ५५ कामगार विषारी वायूने गुदमरून मेले. टायलर्सटाउनची माणसे ज्या शत्रूने मारली, तोच शत्रू. आणि दोन घटनांमध्ये जवळजवळ एक शतक लोटलेले. या शंभर वर्षांत शास्त्र पुढे गेले नव्हते असे कोण म्हणेल? विष किती, हे क्षणात सांगणारी यंत्रे निघाली होती. त्या विषापासून काही काळ बचाव करणारे श्वसनयंत्र पट्ट्याला अडकविता येईल इतके लहान झाले होते. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करणारे द्रव्य भरलेले असते; श्वास तापट लागतो, पण माणूस बाहेर पोहोचू शकतो. परंतु मुखवटा हा सर्वांत शेवटचा उपाय, ही गोष्ट खाणीतील जुनी माणसे जाणतात. पहिला उपाय वायू निर्माणच होऊ न देण्याचा, म्हणजे कोळसा तापू न देण्याचा. दुसरा, निर्माण झालेला वायू वाहत्या हवेने पातळ करून बाहेर घालविण्याचा. आणि तेही साधले नाही तर माणसांना वेळेवर बाहेर काढण्याचा. या प्रत्येक उपायाचा आरंभ मोजण्याने होतो, पण मोजून झाल्यावर काम थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो वापरण्यास तो धजतो काय, यावर पुढचे सारे अवलंबून असते. थांबलेल्या पाळीचा कोळसा हिशेबात तुटीच्या बाजूला दिसतो; न मेलेली माणसे कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत.

विदर्भात चंद्रपूर, वणी, कामठी, उमरेड या भागांत कोळशाच्या खाणी आहेत. त्यांतील काही उघड्या, तर काही जमिनीखालच्या. जमिनीखालच्या खाणीत पाळी सुरू होण्यापूर्वी, दोन तासांच्या आत, एक अधिकारी एकेका कामाच्या जागेवर जाऊन येतो. त्याला ‘मायनिंग सरदार’ म्हणतात. दुसरे कोणी आत जाण्यापूर्वी तो छत ठोकून पाहतो, भिंती पाहतो आणि वायू मोजतो. प्राणवायू शेकडा १९ हून कमी असता कामा नये, कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्याहून अधिक असता कामा नये. मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला असेल तर तेथे कोणासही काम करू द्यावयाचे नाही. या फेरीत जे आढळले ते त्याने बांधीव वहीत लिहावे व खाली सही करावी असा नियम आहे. वहीची पाने फाडता येऊ नयेत म्हणून त्यांवर आकडे घातलेले असतात. त्याची सही झाली, की मग दिवा टोपीला लावून कामगार आत जावयास निघतात.